टक्के कशाचे?

शतमान शिकवताना आपण मुलांना एक सवय लावू पाहतो. ‘पाच टक्के’ असे शब्द कानी पडले की लगेच विचारायचे, ‘कशाचे पाच टक्के?’ छापील किमतीचे, खरेदीच्या किमतीचे की नफ्याचे? पाया कळल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही, हे सातवी-आठवीच्या मुलालाही पटते. पण स्मार्टफोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या कोर्टकज्ज्यांची हकिकत वाचताना ही सवय आपण मोठी माणसे विसरून जातो. कोणी कोणाची नक्कल केली, किती कोटींचा दंड झाला, कोण हरले एवढेच लक्षात राहते. ‘युद्ध’, ‘धक्का’, ‘दणका’ असे शब्द मथळ्यात असले की आतला गणिताचा प्रश्न कोणी शोधत नाही.

येथे अशा दोन भांडणांतल्या युक्तिवादांचे परीक्षण करायचे आहे. एक आहे स्वीडनच्या एरिक्सन कंपनीचे भारतीय फोनविक्रेत्यांशी झालेले भांडण. या विक्रेत्यांत मुंबईची आयबॉल ही कंपनीही होती. दुसरे अ‍ॅपल आणि सॅमसंग यांचे, अमेरिकेत सात वर्षे गाजलेले. दोन्हींचे विषय वेगळे, कायदे वेगळे, देश वेगळे. पण दोन्ही ठिकाणी वाद येऊन थांबला तो एकाच प्रश्नापाशी: टक्के कशाचे?

कापूरबावडी ते गायमुख

आधी भांडणाची वस्तू काय होती ते पाहू. ठाण्याहून घोडबंदर रोडने निघालेली बस कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असे थांबे घेत गायमुखाकडे जाते. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. बसमधली एक बाई डोंबिवलीतल्या बहिणीशी मोबाइलवर बोलत आहे. बस पुढे सरकते तसा एक मनोरा मागे पडतो, दुसरा जवळ येतो. पण बोलणे तुटत नाही.

ते का तुटत नाही? जीएसएम पद्धतीत बोलणे चालू असताना फोन सेकंदाला सुमारे दोन वेळा आपल्या मनोऱ्याकडे एक अहवाल पाठवतो. चालू मनोऱ्याचा संकेत किती जोरात येतो आणि शेजारच्या जास्तीत जास्त सहा मनोऱ्यांचे संकेत किती जोरात येतात, याची नोंद त्यात असते. अहवाल पाहून जाळे ठरवते की हे बोलणे आता पुढच्या मनोऱ्याकडे सोपवावे.

आवाजाचेही तसेच. साध्या डिजिटल दूरध्वनीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात व प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट लागतात. मोबाइलमध्ये ‘एएमआर’ नावाची पद्धत तोच आवाज सेकंदाला जास्तीत जास्त १२,२०० बिटांत बसवते. संकेत क्षीण झाला तर ती टप्प्याटप्प्याने ४,७५० बिटांपर्यंत खाली येते व वाचलेली जागा चुका दुरुस्त करणाऱ्या बिटांना देते. बोलणारी क्षणभर गप्प झाली तर फोन पूर्ण संकेत पाठवत बसत नाही. ऐकणाऱ्याचा फोन आपणच हलकीशी खरखर तयार करतो. तशी ती केली नाही, तर ऐकणाऱ्याला फोन बंद पडला असे वाटते.

आता लक्षात घ्या, बाईचा फोन एका कंपनीचा, मनोऱ्यावरची यंत्रणा दुसरीची, सिमकार्ड तिसरीचे आणि बहिणीचा फोन चौथीचा. या चौघी एकमेकींशी बोलू शकतात, कारण कोणता अहवाल केव्हा व कोणत्या रूपात पाठवायचा, आवाज कसा आवळायचा, हे सगळे आधीच ठरवून लिहून ठेवले आहे. यालाच मानक म्हणतात. जीएसएम व त्यापुढच्या पद्धतींच्या मानकांत १९८८ साली स्थापन झालेल्या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेचा मोठा वाटा आहे.

मानक सर्वांचे असले, तरी त्यात वापरलेल्या युक्त्या कोणीतरी शोधलेल्या असतात आणि त्यांवर पेटंट असते. एरवी एखाद्या पेटंटची किंमत परवडली नाही तर आपण दुसरी युक्ती शोधतो. येथे ती वाट बंद आहे. मानकातली युक्ती वापरली नाही तर फोन मनोऱ्याशी बोलूच शकणार नाही. म्हणून मानकात आपले पेटंट घालणाऱ्या कंपनीकडून ही संस्था वचन मागते: न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर मी सर्वांना परवाना देईन. वचन तीन शब्दांचे आहे. त्यात आकडा मात्र एकही नाही. भांडणाचे बी येथेच आहे.

आयोगाचे उदाहरण

एरिक्सनने मार्च २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. पुढे इंटेक्स, शाओमी, लाव्हा यांच्यावर आणि २०१५ मध्ये आयबॉलवर दावे झाले. भारतीय कंपन्यांविरुद्धच्या या दाव्यांत प्रामुख्याने आठ पेटंटे होती. त्यांतली पाच वर सांगितलेल्या आवाज आवळण्याच्या पद्धतीशी संबंधित. कृत्रिम खरखर तयार करण्याची युक्तीही त्यांत आहे.

मायक्रोमॅक्सने उलट भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने नोव्हेंबर २०१३ मध्ये चौकशीचा आदेश दिला. त्या आदेशात एक छोटेसे उदाहरण आहे. १०० रुपयांच्या फोनवर १.२५ टक्के दराने रॉयल्टी होते १ रुपया २५ पैसे. तीच चिप १,००० रुपयांच्या फोनमध्ये बसवली तर रॉयल्टी होते १२ रुपये ५० पैसे. चिप तीच, युक्ती तीच. मग दहापट पैसे कशासाठी? फोन महाग झाला तो चांगल्या कॅमेऱ्यामुळे, पडद्यामुळे. त्यात पेटंटवाल्याचे श्रेय काय? आयबॉलनेही नंतर आयोगाकडे अशीच तक्रार नेली आणि मे २०१५ मध्ये आयोगाने तिचीही चौकशी करायला सांगितले.

हे उदाहरण शिक्षकाला आवडावे असेच आहे. चार ओळींत ते प्रश्नाचा गाभा दाखवते, त्यातले गणित सहावीच्या मुलालाही समजते, आणि ‘टक्के कशाचे’ हा प्रश्न सरकारी आदेशात इतक्या स्वच्छपणे क्वचितच विचारला गेला असेल. पण चांगल्या उदाहरणाची एक अडचण असते. ते पटले की आपण पुढे तपासत नाही. या उदाहरणात तीन उणिवा आहेत.

पहिली उणीव गणिताची. पाया बदलला की दर तोच राहील असे उदाहरण गृहीत धरते. पण चिपची किंमत १०० रुपये असेल आणि दर १२.५ टक्के लावला, तर रॉयल्टी पुन्हा १२ रुपये ५० पैसेच होते. पाया लहान केल्याने रक्कम आपोआप न्याय्य होत नाही. रक्कम हा पाया व दर यांचा गुणाकार आहे. एकाच अवयवाकडे बोट दाखवून गुणाकार मोठा आहे असे सिद्ध होत नाही.

दुसरी उणीव ‘चिप हाच योग्य पाया’ या समजुतीची. लेखकाला रॉयल्टी मिळते ती पुस्तकाच्या किमतीवर, कागदाच्या किमतीवर नव्हे. कागद स्वस्त झाला म्हणून मजकुराचे मोल घटत नाही. चिप हा जवळजवळ कागदच आहे. आवाज आवळण्याची युक्ती तिच्यावर लिहिलेली आहे. मात्र एरिक्सनच्या बाजूनेही ही उपमा ताणता येणार नाही. एखाद्या कवीची एक कविता सोनेरी बांधणीच्या, महागड्या डायरीत छापली, तर डायरीच्या पूर्ण किमतीवर तो टक्के मागू शकेल काय? स्मार्टफोन असाच आहे. त्यात कविताही आहे, सोनेरी बांधणीही आहे, आणि इतर शंभर जणांचा मजकूरही आहे.

तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. टक्केवारी सोडून प्रत्येक फोनमागे ठरावीक रक्कम घेतली तर कोणाचा फायदा होईल? समजा रक्कम ठरली ५० रुपये. १,००० रुपयांच्या फोनवर तो ५ टक्के बोजा आहे. ५०,००० रुपयांच्या फोनवर ०.१ टक्का. उलट १.२५ टक्के दराने पहिल्या फोनवर १२ रुपये ५० पैसे पडतात, दुसऱ्यावर ६२५ रुपये. म्हणजे टक्केवारीच्या पद्धतीत महाग फोन घेणारा अधिक भार उचलतो. आयबॉल, मायक्रोमॅक्स यांचे ग्राहक प्रामुख्याने स्वस्त फोन घेणारे होते. त्यांच्या कैवारासाठी दिलेले हे उदाहरण शेवटपर्यंत नेले तर ते श्रीमंत ग्राहकाच्या सोयीचे ठरते!

गालिच्याचा कायदा

आता अमेरिकेकडे वळू. अ‍ॅपलने एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगवर कॅलिफोर्नियात दावा लावला. यात मानकाचा प्रश्न गौण होता. मुख्य तक्रार रूपाच्या नकलेची होती. फोनचा सपाट दर्शनी भाग, गोलसर कोपरे, पडद्यावर रांगेत मांडलेली चित्रे. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने १०० कोटी डॉलरांहून अधिक भरपाई ठरवली. पुढे ती कमी होत गेली. रूपाच्या पेटंटांपोटी राहिलेल्या ३९.९ कोटी डॉलरांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

तेथला प्रश्न असा: रूपाची नक्कल केली तर कशावरचा नफा द्यायचा? अमेरिकी कायदा म्हणतो, ज्या वस्तूवर ते रूप लावले तिच्यावरचा सगळा नफा. ही तरतूद कोठून आली तेही पाहण्यासारखे आहे. १८८५ मध्ये गालिच्यांच्या नक्षीच्या नकलेच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने नक्षीमुळे नेमका किती नफा झाला हे सिद्ध झाले नाही म्हणून नाममात्र सहा सेंट भरपाई दिली. त्यावर ओरड झाली आणि १८८७ मध्ये संसदेने सगळ्या नफ्याचा कायदा केला. गालिच्यापुरते ते शहाणपणाचेच होते, कारण गालिचा माणूस घेतो तो नक्षी पाहून. पण स्मार्टफोन म्हणजे गालिचा नव्हे. गोल कोपऱ्यांसाठी कोणी फोन घेत असेलही. परंतु केवळ तेवढ्यासाठी नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की ‘वस्तू’ म्हणजे दर वेळी दुकानात विकला जाणारा पूर्ण फोन असेच नाही. त्याचा एखादा भागही असू शकेल. मात्र तो भाग कसा ओळखायचा याची कसोटी न्यायालयाने दिली नाही. परिणाम असा झाला की खटला पुन्हा ज्यूरीपुढे गेला आणि मे २०१८ मध्ये रूपापोटीची रक्कम कमी होण्याऐवजी ५३.३ कोटी डॉलर झाली. त्याच वर्षी दोघांनी तडजोड केली. तत्त्व सॅमसंगच्या बाजूने लागले आणि रक्कम अ‍ॅपलच्या बाजूने. कसोटीवाचून सांगितलेले तत्त्व व्यवहारात किती दुबळे असते, याचा हा धडा आहे.

जकात की टोल?

दोन्ही प्रकरणे एकत्र ठेवली की आपल्या ओळखीची एक जोडी समोर येते. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात भरावी लागे. ती मालाच्या किमतीवर असे. टोल मात्र गाडीवर असतो. आत काय भरले आहे ते कोणी विचारत नाही. मानकातले पेटंट हा एक रस्ता आहे असे मानले, तर आयोगाचे म्हणणे ‘टोल घ्या’ असे होते आणि एरिक्सनचे ‘जकात घ्या’ असे.

पण टोलही सर्वांना सारखा नसतो. मोटारीला कमी, अवजड मालमोटारीला जास्त, कारण मालमोटार रस्ता अधिक झिजवते. फोनच्या बाबतीत ‘झीज’ म्हणजे मानकाचा किती भाग फोन प्रत्यक्ष वापरतो हे. नुसते बोलता येणाऱ्या फोनपेक्षा वेगवान इंटरनेट वापरणारा फोन अधिक युक्त्या वापरतो, तेव्हा त्याने अधिक द्यावे हे रास्त. एरिक्सनच्या दरांतही असे टप्पे होते: फक्त जीएसएमला १.२५ टक्के, पुढच्या सोयींसह २ टक्क्यांपर्यंत. माझ्या मते पाया निवडण्याचा खरा मार्ग हाच आहे. चिपची किंमत नको, फोनची पूर्ण किंमतही नको. मानकाचा वापर किती, ते मोजावे. आणि स्वस्त फोनावर बोजा पडू नये म्हणून वरच्या व खालच्या मर्यादा घालाव्यात.

ही निव्वळ कल्पना नाही. मार्च २०१७ मध्ये एरिक्सननेच पाचव्या पिढीच्या फोनांसाठी आपले दर जाहीर केले: महाग फोनमागे ५ डॉलर, स्वस्त फोनसाठी २.५ डॉलरपर्यंत सवलत. टक्केवारी गेली, ठरावीक रक्कम आली. स्वस्त फोनाची किंमत महाग फोनाच्या विसाव्या हिश्शाची असली तरी रॉयल्टी मात्र निम्मी, हा दोष त्यात आहेच. पण एक गोष्ट निर्विवाद चांगली झाली. दर सर्वांना दिसेल असा छापला गेला.

झाकलेला भाव

कारण माझ्या मते आयबॉलच्या तक्रारीतला सर्वांत वजनदार मुद्दा पायाचा नव्हताच. तो गुप्ततेचा होता. वाटाघाटीपूर्वी कडक गुप्तता करारावर सही करावी लागते, ही तिची एक तक्रार होती. मग शेजारच्या कंपनीला काय दर लावला आहे हे कळणार कसे? ‘भेदभावरहित’ हा शब्द तुलनेचा आहे. तुलनेला दुसरा आकडाच नसेल तर तो शब्द खरा आहे की खोटा, हे तपासता येत नाही. प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नाही तर निष्कर्ष मानू नका, असे आपण मुलांना सांगतो. येथे तर दुसरा गट ठेवलेला आहे, फक्त तो कुलपात आहे.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एरिक्सनचे म्हणणे असे की या कंपन्या वर्षानुवर्षे युक्त्या वापरतात, वाटाघाटी लांबवतात आणि पैसे देत नाहीत. हे पोकळ नव्हते. मानक तयार करायला खरे संशोधक, खरी वर्षे आणि खरा पैसा लागतो. तो परत मिळाला नाही तर पुढचे मानक कोण करील? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आयबॉलच्या आयातीवर मनाई घातली, ती याच विचाराने. थोड्याच काळात आयबॉलने तडजोड करून परवाना घेतला. लाव्हाचा खटला मात्र शेवटपर्यंत चालला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने २४४ कोटी रुपये भरपाई ठरवली. तिचा पाया होता फोनची विक्रीची किंमत.

आयोगाचे काय झाले? २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले की हा विषय पेटंट कायद्याचा आहे, आयोगाला त्यात चौकशी करता येणार नाही. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. अधिकार कोणाचा हे ठरायला दहा वर्षे लागली. २०१३ च्या त्या चार ओळींतला प्रश्न, म्हणजे तीच चिप असताना दहापट पैसे का, याचे उत्तर आयोगाला देताच आले नाही.

पेटंट म्हणजे समाजाशी केलेला एक सौदा आहे. शोधकाने युक्ती उघड लिहून द्यायची आणि समाजाने त्याला वीस वर्षे मक्ता द्यायचा. कृत्रिम खरखरीची युक्ती कोणालाही वाचता येते. तिचे पेटंट सरकारी दप्तरात उघडे आहे. ती वापरण्यासाठी कोण किती देतो, ते मात्र झाकलेले. शोध उघडा आणि भाव झाकलेला, ही विसंगती या सगळ्या खटल्यांच्या मुळाशी आहे, आणि ‘दणका’ देणाऱ्या मथळ्यांत ती कधी येत नाही.

वर्गात

नववी-दहावीच्या वर्गात हा विषय एका तासात घेता येईल. एक स्मार्टफोन घ्या आणि तो विमानात ठेवतात तसा, जाळ्यापासून तोडून ठेवा. वाय-फायही बंद करा. आता त्यावर काय काय चालते याची यादी मुलांनी करावी: कॅमेरा, विजेरी, गणनयंत्र, साठवलेली गाणी. दुसऱ्या रकान्यात काय चालत नाही ते लिहावे. मग विचारा, हा फोन कायमचा असाच राहणार असता तर तुम्ही किती रुपयांना घेतला असता? प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. मूळ किमतीतून तो वजा केला की जाळ्याशी जोडले जाण्याचे मोल मिळेल, निदान त्या मुलाच्या लेखी.

त्यानंतर गटांत वाटून एकाने पेटंटवाल्याची, दुसऱ्याने स्वस्त फोनवाल्याची, तिसऱ्याने महाग फोनवाल्याची बाजू घ्यावी. पाया कोणता, दर किती, मर्यादा कोणत्या, ते फळ्यावर मांडावे. एकच अट असावी: प्रत्येक गटाने आपला आकडा उघडपणे लिहायचा. दुसऱ्याचा आकडा दिसल्यावर किती गट आपला बदलतात, तेही मोजून पाहावे.